पिशवीत भरलंय काय?

मागच्या अंकात ब्रेस्टच्या ऑपरेशननंतर घालायच्या पॅडवाल्या ब्राबद्दल मी चारच ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या चार ओळींवर एवढी पत्रं आली की या महिन्यात गुडघेदुखी आणि पीसीओडीवाल्यांनी माफ करावं, त्यांचं पुढच्या वेळी. सगळ्या पत्रांत फिरून फिरून एकच प्रश्न, इम्प्लांटच्या, म्हणजे ऑपरेशन करून ब्रेस्टच्या जागी बसवतात त्या पिशवीच्या, आत जे भरतात ते कोणतं चांगलं. नावं कोणाचीच छापत नाही आहे. नागपूर कितीही वाढलं तरी धंतोलीतल्या कोणत्याही दवाखान्याच्या वेटिंगमध्ये बसा, दहा मिनिटांत कोणी ना कोणी ओळखीचं निघतंच.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी ४३ वर्षांची आहे, मनीषनगरला राहते. दोन वर्षांपूर्वी डाव्या बाजूचा ब्रेस्ट काढला, केमो झाले, २५ शेक (रेडिएशन) झाले, आता रिपोर्ट नॉर्मल आहेत. डॉक्टर म्हणाले आता इम्प्लांट बसवता येईल. तेव्हापासून घरात रोज मीटिंग होऊन राहिली. जाऊबाई म्हणतात सिलिकॉन म्हणजे शेवटी प्लास्टिकच, त्यापेक्षा पाण्याचं टाक, फुटलं तरी पाणीच आहे. मिस्टर म्हणतात जे महाग ते चांगलं. मी पुरती कन्फ्यूज झाली. सिलिकॉन घेऊ की सलाईन?

उत्तर : ताई, पहिले जाऊबाईंचं पाहू, कारण त्यांचं अर्धं एकदम बरोबर आहे. सलाईनचं इम्प्लांट म्हणजे मिठाचं पाणीच, आपल्याकडे ताप-उलट्या झाल्या की बाटली लावतात नं, तेच सलाईन, एका लिटरला ९ ग्रॅम मीठ. ते लीक झालं तर शरीर शोषून घेतं, बाकी काही होत नाही. पण राहिलेलं अर्धं त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही, की ते पाणी ज्या पिशवीत भरतात ती पिशवी पण सिलिकॉनचीच असते. म्हणजे सिलिकॉन नकोच म्हणून सलाईन घ्यायचं म्हटलं तर ते जमत नाही, बाहेरचं कव्हर दोन्हीत सारखंच, फरक फक्त पोटातल्या मालाचा.

माझ्या टेबलच्या ड्रॉवरमध्ये तीन सँपल असतात, आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात मी आधी ते देते आणि मग बोलते. पहिलं सलाईनचं. ते उभं धरलं की पाणी भरलेल्या दुधाच्या पिशवीसारखं वरच्या बाजूला चुण्या पडतात, हलवलं तर आतलं पाणी हाताला कळतं. दुसरं आत्ताच्या जेलचं, ते मी स्वतः ब्लेडने मधोमध कापून ठेवलंय, कापल्याला दोन वर्षं झाली असतील पण आतलं जेल अजून बाहेर वाहिलेलं नाही, कापलेल्या खरवसासारखं कडा धरून बसलंय, दाबलं की फुगून वर येतं, सोडलं की परत आत जातं. इतवारीच्या एक आजी सुनेसोबत आल्या होत्या, त्यांनी बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाप्पा, हे तर चिकाचंच दिसते!" तिसरं फार जुनं आहे, एका पेशंटच्या अंगातून काढलेलं, तिने दाखवायला ठेवा म्हणून परवानगी दिलेली. त्यातलं जेल काकवीसारखं. काढताना हातमोज्याला जे चिकटलं ते बोटं लांब केली तर पाकासारखी तार धरत होतं, आणि ते आतल्या टिश्यूतून पुसून काढायला मला जो वेळ लागला तो मी विसरलेली नाही. सिलिकॉन सिलिकॉन म्हणतो आपण, पण त्या काकवीत आणि या खरवसात खूप अंतर आहे.

जाऊबाईंच्या मनातली भीती कुठून आली तेही सांगते, ती काही हवेतून आलेली नाही. पहिलं सिलिकॉन जेलचं इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं, आणि गंमत म्हणजे ती बाई आली होती अंगावरचा टॅटू पुसून घ्यायला. पुढे तीस वर्षं लाखो बायकांना बसवल्यावर मग तिथल्या एफडीएच्या, म्हणजे औषधं आणि इम्प्लांटसारख्या वस्तूंना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, लक्षात आलं की कंपन्यांकडे सुरक्षिततेचा पुरेसा पुरावाच नाही, म्हणून १९९२ साली जेलवर बंदी आली, फक्त कॅन्सरनंतरच्या रीकन्स्ट्रक्शनसाठी (परत ब्रेस्ट बनवण्यासाठी) आणि अभ्यासासाठी सूट होती. ती बंदी उठली २००६च्या नोव्हेंबरला. मधल्या काळात १९९९ला तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा मोठा रिपोर्ट आला, त्यात जेलमुळे संधिवातासारखे अंगभर पसरणारे आजार होतात याला पुरावा सापडला नाही असं निघालं. तरी आजही काही बायका सांगतात की इम्प्लांटनंतर थकवा, सांधेदुखी, काही आठवत नाही असं सुरू झालं, आणि काढल्यावर काहींना बरं वाटतं. यासाठी कोणतीही टेस्ट नाही, पण म्हणून त्या खोटं बोलतात असं मी कधीच म्हणत नाही. आणि ही तक्रार सलाईनवाल्यांचीही असते, हे जाऊबाईंना जरूर सांगा.

आता माझं म्हणाल तर मी कोणालाही "चांगलं कोणतं" विचारू देत नाही, नवं असताना सगळंच चांगलं असतं, लग्नातल्या मिक्सरसारखं. मी म्हणते फुटल्यावर काय होईल ते विचारा. सलाईनचं फुटलं की लपत नाही, एकदोन दिवसांत ब्लाउज एका बाजूला ढिला, बाई स्वतःच फोन करते. जेलचं फुटलं तर बाहेरून बहुतेक वेळा काहीच कळत नाही, कारण शरीराने इम्प्लांटभोवती स्वतःची एक पातळ खोळ विणलेली असते आणि जेल त्या खोळीत तसंच बसून राहतं, आकारही तोच. याला सायलेंट रप्चर म्हणतात. म्हणून एफडीए सांगतं की काहीही त्रास नसला तरी जेलवाल्यांनी ५-६ वर्षांनी एकदा आणि मग दर २-३ वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करून पाहायची. हा खर्च आणि ही आठवण आयुष्यभराची आहे, मिस्टरांना सांगा की "महाग" मध्ये हेही धरा. जी बाई म्हणते माझ्याने हे तपासण्या-बिपासण्याचं होणार नाही, तिच्यासाठी पाण्याचं वाईट नाही. पण आपल्याकडे बहुतेक सर्जन जेलच वापरतात, आणि त्याला कारण आहे, हाताला ते खऱ्यासारखं लागतं, आणि काढलेल्या ब्रेस्टच्या जागी कातडी पातळ राहते, तिथे सलाईनच्या चुण्या वरून दिसतात.

एवढं सगळं लिहिल्यावर आता खरी गोष्ट. ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचा शब्द सिलिकॉनही नाही आणि सलाईनही नाही, तो आहे "२५ शेक". रेडिएशन झालेली कातडी ताणायला मागत नाही, आणि मघाशी म्हटलं ती खोळ अशा जागी जाड होऊन आवळते, ब्रेस्ट कडक होतो, वर सरकतो, दुखतो. त्याला कॅप्स्युलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात, एक ते चार ग्रेड असतात, चौथ्या ग्रेडला ब्रेस्ट दिसायलाही वेडावाकडा आणि दुखतोही. आत पाणी असो की जेल, शेक झालेल्या बाजूला हा धोका दोन्हीत जास्त. म्हणून अशा वेळी आम्ही पाठीचा स्नायू किंवा पोटाची कातडी-चरबी रक्तवाहिन्यांसकट घेऊन ब्रेस्ट बनवायचा विचार आधी करतो, कधी नुसता तोच, कधी त्याखाली इम्प्लांट. ऑपरेशन मोठं आहे, पोटावर टाका येतो, पण आपलंच मांस असल्याने फुटायचा प्रश्न नाही. कोणी आधी एक्सपांडर नावाची तात्पुरती पिशवी टाकून दर आठवड्याला सुईने त्यात सलाईन भरत कातडी फुगवू म्हणालं, तर विचारा की शेक झालेल्या कातडीवर तुमचा अनुभव काय आहे, आणि एक्सपांडर आत असताना एमआरआय करायचा नाही हे लक्षात ठेवा, बऱ्याच एक्सपांडरमध्ये लोहचुंबक असतं. शिवाय काहीच नाही करायचं, नुसता बाहेरून लावायचा सिलिकॉनचा पॅड वापरायचा, हाही पर्याय आहे आणि तो निवडलेल्या माझ्या कितीतरी पेशंट मजेत आहेत. घरच्या मीटिंगमध्ये हा मुद्दा कोणी मांडला नसेल म्हणून लिहिलं.

प्रश्न : हाय डॉक्टर, मी २१ वर्षांची आहे, सदरला जॉब करते. मला लहानपणापासून फिगरवरून कॉम्प्लेक्स आहे. रील्समध्ये गमी बेअर इम्प्लांट बेस्ट म्हणतात. पण आपल्या नागपूरच्या ४६ डिग्रीत ते आत वितळणार तर नाही नं? आणि विमानात फुटते म्हणे?

उत्तर : अगं, हसले नाही मी, खरंच नाही. बाहेर ४६ असो की पचमढीची थंडी, तुझ्या आत कायम ३७च असतं, आणि हे इम्प्लांट फॅक्टरीत निर्जंतुक करताना शंभरच्या पुष्कळ वर तापवलेलं असतं, त्याला आपलं मे महिन्याचं ऊन म्हणजे काहीच नाही. विमानातही फुटत नाही, खुशाल जा.

गमी बेअर म्हणजे वरचं ते खरवसवालं जेल, जरा आणखी घट्ट. ते आकार धरून ठेवतं म्हणून त्यात थेंबासारखा आकार मिळतो, खाली भरलेला आणि वर निमुळता. फायदा म्हणजे कव्हर चिरलं तरी माल लगेच पसरत नाही. पण रील्सवाले जे सांगत नाहीत ते ऐक. एक तर हाताला जरा टणक लागतं. दुसरं, गोल इम्प्लांट आत फिरलं तर कोणाला कळत नाही, पण थेंब आडवा फिरला तर ब्रेस्टही आडवा दिसतो. ते फिरू नये म्हणून त्याचं कव्हर खरखरीत करतात, आणि खरी भानगड त्या खरखरीत कव्हरची आहे, एएलसीएल नावाचा एक लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेचा कॅन्सर, ब्रेस्टचा नाही, तो या खरखरीत पृष्ठभागाशी जोडलेला निघाला. क्वचित होतो, बहुतेक वेळा बऱ्याच वर्षांनी एका बाजूला अचानक पाणी साठून सूज येते. २०१९च्या जुलैमध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने तिचे बायोसेल कव्हरवाले इम्प्लांट जगभरातून परत मागवले ते यासाठीच. आत सलाईन आहे की जेल याने त्यात फरक पडत नाही. तर सर्जनला भेटशील तेव्हा आत काय आहे एवढंच विचारू नको, बाहेर गुळगुळीत आहे की खरखरीत तेही विचार.

आणि वयाचं. अमेरिकेत फक्त साइज वाढवण्यासाठी सलाईन १८ नंतर आणि जेल २२ नंतर असा नियम आहे. तो आपला कायदा नाही, पण कारण सगळीकडे लागू आहे, विशीच्या सुरुवातीपर्यंत ब्रेस्टची वाढ चालू राहू शकते. दुसरं कारण माझं स्वतःचं. इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाही, एफडीए सांगतं की साइज वाढवायला बसवलेल्यांपैकी पाचातल्या एकीपर्यंतचं ८ ते १० वर्षांत काढावं लागतं. आज २१ला बसवलंस आणि तू त्या पाचातली एक निघालीस तर एकतीशीत, कदाचित कडेवर दोन वर्षांचं पोर असताना, परत ऑपरेशन टेबल, आणि मग पुढेही. हे गणित करून तुला पटलं तर ये, मी नाही म्हणणार नाही. कॉम्प्लेक्सबद्दल मात्र ऑपरेशनच्या आधी कोणाशी तरी बोल, माझ्याशी चालेल, मैत्रिणीशी पण चालेल, रील्सशी नको.

प्रश्न : मॅडम, माझी मावशी इंग्लंडला असते. तिने नव्वदच्या दशकात काहीतरी "नॅचरल" तेलाचं बसवलं होतं आणि मग २००० साली सगळ्यांना काढायला लावलं असं ती सांगते. असं खरंच काही होतं का, की ती फेकते?

उत्तर : मावशी फेकत नाही! ते सोयाबीन तेल होतं. आपण वर्षानुवर्षं ज्यात भजी तळतो ते. ट्रायल्युसेंट नावाने १९९५च्या सुमारास युरोपात आलं, आणि कागदावर कल्पना इतकी सुंदर होती की मीही तेव्हा भुलले असते. सिलिकॉन आणि सलाईन दोन्ही मॅमोग्राफीत (ब्रेस्टच्या एक्स-रेत) पांढरा डाग पाडतात आणि त्याच्यामागची गाठ लपू शकते, तेलातून मात्र एक्स-रे आरपार जातो. आणि फुटलं तरी तेलच आहे, शरीर पचवून टाकेल. तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातल्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की बंद डब्यात ३७ डिग्रीला वर्षभर ठेवलेल्या तेलाचं काय होतं. तेच झालं. तेल पाझरलं, खराब झालं, काढलेल्या काही इम्प्लांटना खवट वास येत होता, आणि तेल खराब होताना जे पदार्थ बनतात ते पेशींच्या डीएनएला घातक ठरू शकतात अशी शंका आली. १९९९च्या मार्चमध्ये विक्री थांबली, २०००च्या जूनमध्ये ब्रिटनच्या सरकारी संस्थेने सांगितलं की सगळ्यांनी काढून घ्या आणि काढेपर्यंत गरोदर राहू नका, अंगावर पाजू नका. ब्रिटनमध्येच सुमारे ५ हजार बायका होत्या. त्याच वर्षाच्या शेवटी हायड्रोजेल भरलेलेही तिथे बाजारातून काढले. तेव्हापासून कोणी मला "नॅचरल फिलिंग" म्हटलं की माझ्या नाकात तो वास येतो, मी तो प्रत्यक्ष घेतलेला नसताना.

मावशीला एवढंच विचार की काढल्यावर दुसरं काही बसवलं का, आणि बसवलं असेल तर कोणत्या कंपनीचं. कारण त्याच्या पुढच्या दहा वर्षांत फ्रान्सच्या पीआयपी कंपनीचं प्रकरण झालं, कागदावर मेडिकल सिलिकॉन आणि आत भरलेलं कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन. २०१०च्या मार्चमध्ये उघड झालं, तोवर जगभरात सुमारे ३ लाख बायकांना ते बसलेलं होतं, मालकाला २०१३ला चार वर्षांची शिक्षा झाली. आत काय भरलंय हे डॉक्टरलाही डोळ्यांनी ओळखता येत नाही, ते कंपनीच्या कागदावरूनच कळतं, आणि इथे तर कागदच खोटा होता.

प्रश्न : माझ्या बायकोला (वय ३४) एका ब्युटी क्लिनिकमध्ये सांगितलं की ऑपरेशनची गरजच नाही, जेलची दोन इंजेक्शनं घ्या, लंच टाइममध्ये होतं. स्वस्तही आहे. घ्यावं का? की स्वतःची चरबी काढून भरतात ते घ्यावं?

उत्तर : भाऊ, इंजेक्शन नाही. नाही म्हणजे नाही. वर इतकं पिशवीचं रामायण लिहिलं ते यासाठीच, की पिशवी असली तर जे आत आहे ते एका जागी तरी असतं, खराब झालं तर सगळं मिळून बाहेर काढता येतं. पिशवीशिवाय भरलेलं मांसात झिरपतं, गाठी होतात, खाली पोटापर्यंत सरकतं, आणि मग कॅन्सरची गाठ कोणती आणि जेलची कोणती हे मॅमोग्राफीत ओळखणं कठीण. आणि हे पूर्ण काढता येतच नाही, काढायचं म्हणजे आपलं मांसही सोबत जातं. ही काही नवी आयडिया नाहीये, शंभर वर्षांपूर्वी मेण टोचत होते, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पातळ सिलिकॉन टोचलं, मग चीनमध्ये पॉलीअ‍ॅक्रिलमाइड जेल आलं, त्यावर तिथे २००६ला बंदी आणावी लागली. दर वेळी तोच शेवट.

स्वतःची चरबी वेगळी गोष्ट आहे. पोट किंवा मांडीतून काढतात, गाळून घेतात, बारीक सुईने थोडी थोडी भरतात. त्यातली काही शरीर शोषून घेतं, म्हणून दोनदा-तीनदा करावं लागू शकतं, आणि एका वेळी साइज फार वाढत नाही. काही जागी चरबी मरून तेलाच्या गाठी किंवा चुन्याचे ठिपके होतात, ते मॅमोग्राफीत दिसतात, तेव्हा रेडिओलॉजिस्टला आधीच सांगून ठेवा नाहीतर तोही घाबरेल आणि तुम्हीही. हे ज्याच्याकडे कराल त्याच्या पाटीवर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी डिग्री आहे का ते पहा, "कॉस्मेटॉलॉजिस्ट" वाचून आत शिरू नका. आणि एक विचारते, राग नका मानू, तुमच्या पत्रात बायकोला काय हवं आहे हे कुठेच आलं नाही. पुढचं पत्र त्यांनी लिहावं.

प्रश्न : ताई, ऑपरेशनच्या फाइलमध्ये एक स्टिकर चिकटवलेलं होतं, त्यावर इंग्रजीत नंबर होते. फाइल दिवाळीच्या सफाईत रद्दीत गेली. काही फरक पडतो का?

उत्तर : पडतो हो! त्या स्टिकरवरच कंपनी, मॉडेल, किती सीसी, लॉट नंबर, सिरियल नंबर सगळं असतं, उद्या एखादी बॅच परत मागवली तर तुमचं त्यात आहे की नाही हे त्याशिवाय कळणार नाही, आणि इम्प्लांट बदलायची वेळ आली की सर्जन पहिले तेच विचारतो. घाबरू नका, ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज द्या, एक स्टिकर त्यांच्या फाइलला लावलेलं असतं, पण जुन्या फाइली कायमच्या ठेवत नाहीत, म्हणून याच आठवड्यात जा. मिळालं की मोबाइलमध्ये फोटो काढा, स्वतःलाच मेल करून ठेवा. फॅमिली ग्रुपवर नका टाकू, मागे एकीने टाकला होता आणि दीरांनी थम्सअप दिला.